काँप्सोग्नॅथस : दगडात काय आहे आणि चित्रात काय असावे?

कातळखूण

नमस्कार मंडळी. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी विज्ञान अंकात काँप्सोग्नॅथस या छोट्या मांसाहारी डायनोसॉरवर चार पानांचा मजकूर मी लिहितो आहे आणि त्याची चित्रे आपल्या इथल्याच सदस्या रेघोट्या काढणार आहेत. तयारीसाठी बाजारातली भाषांतरित पुस्तके चाळली, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसले : हिरवट अंगाचे, खवल्यांचे, हाताला दोनच बोटे असलेले इवलेसे प्राणी टोळीने एखाद्या मोठ्या जनावरावर तुटून पडले आहेत. मजकुरात ‘जगातील सर्वांत लहान डायनोसॉर’ हे वाक्य ठरलेले असते.

मला हे खटकते. या प्राण्याचे बऱ्यापैकी संपूर्ण म्हणावेत असे दोनच सांगाडे माहीत आहेत. पहिला बव्हेरियातला, सुमारे ८९ सेंटिमीटर लांबीचा, ज्याचे वर्णन योहान आंद्रेआस वाग्नर यांनी १८५९ साली प्रसिद्ध केले. दुसरा दक्षिण फ्रान्समधल्या कांजुएर पठारावरचा, सुमारे १२५ सेंटिमीटरचा, जो १९७०च्या दशकाच्या आरंभी उजेडात आला. दोन्ही साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे ज्युरासिक काळाच्या अखेरचे आहेत. या लांबीतला मोठा वाटा शेपटीचा आहे, त्यामुळे लहान नमुन्याचे धड कोंबडीएवढेच भरते.

एवढ्या थोड्या पुराव्यातून एक आख्खा प्राणी उभा करताना काय दगडातून आले आणि काय आपण पदरचे घातले, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही वेगवेगळे करून सांगता येते, आणि सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विचारतो : या प्राण्याच्या अंगावर पिसे दाखवावीत की खवले? बोटे दोन की तीन? तो टोळीने फिरे, याला काही आधार आहे का? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इसारकाठ

म्युनिकमध्ये राहत असल्याने या विषयाशी माझे थोडे शेजारपण आहे, म्हणून पहिल्या सांगाड्याचा इतिहास मांडतो. तो योझेफ ओबर्नडॉर्फर नावाच्या एका वैद्याच्या संग्रहात होता. हे गृहस्थ जीवाश्मांचे उत्साही संग्राहक होते आणि आपल्या संग्रहातल्या वस्तू त्यांनी वाग्नर यांना अभ्यासासाठी दिल्या. पुढे १८६०च्या दशकात त्यांचा संग्रह बव्हेरियाच्या सरकारी संग्रहाकडे आला आणि तो सांगाडा आजही म्युनिकच्याच राज्य संग्रहात आहे.

खेदाची गोष्ट अशी की नेमक्या कोणत्या खाणीतून हा दगड निघाला, हे ओबर्नडॉर्फर यांनी सांगितले नाही. इतर संग्राहकांनी तिथे गर्दी करू नये, हा त्यामागचा हेतू असावा. दगडाचा पोत पाहून अभ्यासक रीडेनबुर्ग आणि केलहाइम यांच्या परिसराकडे बोट दाखवतात. इतक्या गाजलेल्या जीवाश्माची जागा खात्रीने सांगता येत नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी, कारण वस्तू तिच्या जागेपासून तुटली की तिचा थर, तिचे सोबती आणि तिचे नेमके वय हे सगळे अंधूक होते.

नीलमोहर

फार चांगला धागा. वाचते आहे.

मृण्मयी

मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून परिसराबद्दल लिहिते. चित्रालाही त्याचा उपयोग व्हावा. ज्युरासिकच्या अखेरीस आजच्या दक्षिण जर्मनीत उथळ, उबदार समुद्र होता, त्यात बेटे होती आणि प्रवाळ व स्पंज यांच्या भिंतींनी अडवलेली खारकच्छे होती. पाण्याची ये-जा कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे तळाशी दाट खारट, प्राणवायू जवळजवळ नसलेले पाणी साचून राही. त्यात जो प्राणी तळाला गेला, त्याला कुरतडायला तिथे कोणी जिवंत नसे. वरून चुन्याचा अतिशय बारीक चिखल हळूहळू बसत जाई. त्याचाच पुढे सोल्नहोफेनचा प्रसिद्ध चुनखडक झाला, ज्याच्या पातळ फरश्या सुटतात आणि ज्यात चतुराचे पंखसुद्धा शिरांसह उमटलेले सापडतात.

याच तळावर नालखेकड्याच्या त्या काळच्या भाईबंदांच्या शेवटच्या पाऊलखुणा सापडल्या आहेत : माग वळत वळत जातो आणि त्याच्या टोकाला तो प्राणी मरून पडलेला असतो. त्या तळाचे पाणी किती घातक होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

आता महत्त्वाचे. काँप्सोग्नॅथस हा जमिनीवरचा प्राणी. तो खारकच्छाच्या तळाशी सापडला म्हणजे वाहून आला किंवा बुडाला. जिथे सापडला तिथे तो राहत नव्हता. चित्रात त्याला पाण्यात दाखवू नये, काठावर दाखवावा.

शिळाछाप

थोडे अवांतर, पण संबंध खरा आहे. शिळामुद्रणाचा शोध आलॉइस झेनेफेल्डर यांनी १७९६च्या सुमारास बव्हेरियात लावला तो याच चुनखडकाच्या भरवशावर. इतका एकजीव, बारीक कणांचा दगड दुसरीकडे सहसा मिळत नसल्याने जगभरचे छापखाने तो बव्हेरियातून मागवीत. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची यंत्रसामग्री आणि कारागीर जर्मनीतून आले होते, आणि आपल्या आजी-पणजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी शिळामुद्रणातूनच निघाल्या. या दगडाला मागणी होती म्हणून खाणकामगार एकेक फरशी हाताने उलगडून पाहत होते, आणि म्हणूनच असे नाजूक जीवाश्म यंत्राखाली भुगा न होता आपल्यापर्यंत पोहोचले.

कातळखूण

शिळाछाप, हे अवांतर मुळीच नाही. खाणकामगारांच्या हातांचा उल्लेख मी मजकुरात नक्की घेईन. आता पुढचा प्रश्न : हा प्राणी काय खात असे, याबद्दल सगळीकडे ‘सरडे’ असे लिहिलेले असते. त्याचा आधार किती भक्कम आहे?

मृण्मयी

अतिशय भक्कम, कारण जेवण अजून पोटातच आहे. बव्हेरियातल्या सांगाड्याच्या फासळ्यांच्या आत एका छोट्या प्राण्याची हाडे स्पष्ट दिसतात. १८८१ मध्ये अमेरिकन संशोधक ओथनिएल मार्श यांना ते काँप्सोग्नॅथसचे पोटातले पिल्लू वाटले. १९०३ मध्ये फ्रांझ नोप्चा यांनी तो सरडा असल्याचे दाखवले. मग १९७८ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी संपूर्ण सांगाड्याचा फेरअभ्यास केला, तेव्हा त्या सरड्याची जात बव्हेरिसॉरस ठरवली, आणि त्याची लांब शेपटी व पाय पाहून असे अनुमान काढले की इतक्या चपळ सरड्याला पकडणारा प्राणी स्वतः चपळ आणि तीक्ष्ण नजरेचा असला पाहिजे.

गोष्ट तिथे संपत नाही. २०१८ मध्ये तो सरडा बव्हेरिसॉरसही नसून वेगळीच जात असल्याचे मांडले गेले आणि त्याला शोनेस्माल हे स्वतंत्र नाव मिळाले. भक्षकाचे बारसे १८५९ला आणि भक्ष्याचे त्यानंतर १५९ वर्षांनी!

घाटवाट

मृण्मयीताई, माहिती सुरेख आहे, पण एका मुद्द्यावर मी अडतो. एका प्राण्याचे शेवटचे जेवण म्हणजे त्या जातीचा आहार नव्हे. उद्या एखाद्या घारीच्या पोटात बेडूक सापडला, तर घार बेडकांवरच जगते असे आपण लिहिणार नाही. ‘सरडे खात असे’ आणि ‘एकाने सरडा खाल्ला होता’ यांत मुलांसाठीही फरक ठेवावा, कारण या धाग्याचा मूळ मुद्दाच तो आहे.

मृण्मयी

आक्षेप रास्त आहे. मात्र फ्रान्सच्या नमुन्याच्या पोटातही सरड्यासारख्या छोट्या प्राण्यांचे अवशेष आहेत. ते सरड्यांचे की त्यांच्याशी साम्य असलेल्या स्फेनोडॉन गटातल्या प्राण्यांचे, हे नक्की ठरलेले नाही. म्हणजे दोन सांगाडे आणि दोघांच्याही पोटात लहान सरपटणारे प्राणी. त्यात दात पाहा : बारीक, टोकदार, लहान भक्ष्य पकडायला योग्य. ‘सरड्यांसारखे लहान प्राणी खात असे, दोन्ही सांगाड्यांच्या पोटात तसे अवशेष सापडले आहेत’ असे लिहिले तर आपले दोघांचेही समाधान होईल. कीटकही तो खात असण्याची शक्यता मोठी आहे, पण ती शक्यता म्हणूनच सांगावी.

घाटवाट

हे वाक्य मला मान्य आहे.

अमोल_पुणे

टोळीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते : आधार नाही. दोन्ही सांगाडे एकेकटे सापडले, आणि तेही एकमेकांपासून शेकडो किलोमीटर अंतरावर. एकाच ठिकाणी अनेक प्राणी सापडले असते, किंवा समांतर जाणाऱ्या पाऊलखुणा असत्या, तर निदान चर्चा करता आली असती. टोळीची कल्पना चित्रपटांतून रुजली. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जनावरावर हा तुटून पडे, ही कल्पना तर पोटातल्या पुराव्याच्या उलट दिशेने जाते.

रेघोट्या

अमोल, धन्यवाद, टोळी चित्रातून गेली. आता हातांचे सांगा. दोन बोटांचा हात मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि कच्च्या रेखाटनात तसाच काढला आहे.

इसारकाठ

दोन बोटांची कहाणी अशी. बव्हेरियातल्या सांगाड्याची हातांची हाडे विस्कटलेली आहेत. ती जुळवताना ऑस्ट्रम यांच्यासह अनेकांना कामाची दोनच बोटे दिसली आणि चित्रकारांनी तेच उचलले. फ्रान्सचा नमुना सापडल्यावर आणखी वेगळेच घडले. १९७२ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्यांना त्याचा हात वल्ह्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी ती पोहणारी निराळी जात मानली आणि तिला कोरॅलेस्ट्रिस हे नाव दिले. त्या काळातल्या काही पुस्तकांत हा प्राणी पाण्यात पोहताना दिसतो, तो याच कारणाने. १९७८च्या फेरअभ्यासात ऑस्ट्रम यांनी दाखवले की वल्ह्याला काहीही आधार नाही आणि दोन्ही सांगाडे लाँगिपेस या एकाच जातीचे आहेत. फ्रान्सचा फक्त आकाराने मोठा.

२००६ मध्ये कारिन पायर यांनी फ्रान्सच्या नमुन्याचे नव्याने वर्णन केले आणि पाठोपाठ दोन्ही नमुन्यांच्या हातांचाही स्वतंत्र अभ्यास झाला. तिसऱ्या बोटाची हाडे आहेत, फक्त ते बोट बाकी दोघांपेक्षा बारीक आहे. तेव्हा रेघोट्या, तीन बोटे काढा आणि तिसरे किरकोळ ठेवा. तळवे एकमेकांसमोर राहतील असे हात वळवा. तळवे जमिनीकडे करून हात लोंबते ठेवण्याची जुनी पद्धत मनगटाच्या हाडांशी जुळत नाही.

शुक्लेंदू

आता पिसांवर बोलू, कारण खरा वाद तिथेच आहे. माझे मत खवल्यांच्या बाजूचे आहे आणि कारण सांगतो. पिसे असलेला प्राचीन पक्षी आर्किऑप्टेरिक्स ज्या प्रकारच्या चुनखडकात सापडतो, त्याच प्रकारच्या चुनखडकात हाही सापडला. तिथे आर्किऑप्टेरिक्सच्या पिसांचे ठसे इतके स्पष्ट आहेत की पिसाचा मधला दांडाही मोजता येतो. काँप्सोग्नॅथसच्या दोन्ही सांगाड्यांभोवती असा एकही ठसा नाही. जे दगडात नाही ते चित्रात नको, हाच जर या धाग्याचा निकष असेल, तर पिसे काढण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

मृण्मयी

शुक्लेंदू, आपला निकष मला मोलाचा वाटतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा लावायला हवा. खवलेही त्या दगडात नाहीत. १९०१ मध्ये फ्रीडरिश फॉन ह्यूने यांना पोटाजवळ कातडीचा ठसा दिसल्यासारखा वाटला होता, पण ऑस्ट्रम यांनी तो मान्य केला नाही. म्हणजे या प्राण्याच्या अंगावर काय होते, यावर त्याचे स्वतःचे दोन्ही सांगाडे गप्प आहेत. अशा वेळी नातेवाइकांकडे जावे लागते.

नातेवाईक काय सांगतात? चीनच्या लिआओनिंग प्रांतात १९९६ साली जाहीर झालेला सिनोसॉरोप्टेरिक्स हा बांध्याने काँप्सोग्नॅथसच्या अगदी जवळचा. त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत साध्या, केसांसारख्या तंतूंचे आवरण स्पष्ट उमटले आहे. पक्षी नसलेल्या डायनोसॉरच्या अंगावर असे आवरण पहिल्यांदा दिसले ते याच जीवाश्मात. २०१० मध्ये त्या तंतूंतील रंगकणांच्या आकारांवरून त्याची शेपटी तांबूस आणि पांढऱ्या पट्ट्यांची होती, इथपर्यंत अभ्यासक पोहोचले.

शुक्लेंदू

सिनोसॉरोप्टेरिक्स मला माहीत आहे. पण तो साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे काँप्सोग्नॅथसनंतर तब्बल अडीच कोटी वर्षांनी झालेला, आणि राहणारा जगाच्या दुसऱ्या टोकाचा. शिवाय बव्हेरियातच सापडलेला जुराव्हेनेटर घ्या. २००६ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा त्याच्या शेपटीवर खवले दिसले होते. तो स्थळाने आणि काळाने कितीतरी जवळचा आहे. साक्ष त्याची का घेऊ नये?

इसारकाठ

घ्यायलाच हवी, पण पूर्ण घ्यावी. पुढे २०१० मध्ये जुराव्हेनेटर अतिनील प्रकाशाखाली तपासला गेला, तेव्हा खवल्यांबरोबर बारीक तंतूंच्या खुणाही दिसल्या. मग २०१२ मध्ये बव्हेरियातल्याच पाइन्टन येथील स्क्युरुमिमस जाहीर झाला. ते एक पिल्लू आहे आणि त्याच्या शेपटीवर तंतूंचा पिंजारलेला झुबका आहे. म्हणजे याच प्रदेशातल्या, जवळपास याच काळातल्या दोन लहान मांसाहारी डायनोसॉरांच्या अंगावर तंतू सापडले.

दगडाच्या गप्प राहण्याबद्दलही एक उदाहरण देतो. १९५१ मध्ये सापडलेला एक छोटा सांगाडा बराच काळ काँप्सोग्नॅथसचा मानला गेला होता. १९७०च्या दशकात तो आर्किऑप्टेरिक्स असल्याचे लक्षात आले. आज तो आइखश्टेटचा नमुना म्हणून ओळखला जातो. त्याच्या पिसांचे ठसे इतके पुसट आहेत की सहज नजरेला ते जाणवत नाहीत. याच खडकात, पक्ष्यासारखी पक्की पिसे असलेल्या प्राण्याच्या बाबतीत असे होऊ शकते, तर त्याहून नाजूक तंतूंचा ठसा न उरणे अजिबात आश्चर्याचे नाही.

शुक्लेंदू

आइखश्टेटच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही; ते वजनदार आहे. तरीही माझा आग्रह इतकाच राहील की चित्राखाली ‘पिसांसारखे आवरण नातेवाइकांच्या पुराव्यावरून काढले आहे’ अशी ओळ हवी, आणि जुराव्हेनेटरच्या आधाराने शेपटीच्या काही भागावर खवले दाखवायला हरकत नसावी. एकाच प्राण्याच्या अंगावर दोन्ही असू शकतात, हे मुलांना कोंबडीचे पाय दाखवूनही पटवता येईल.

कातळखूण

ही ओळ तशीच्या तशी घेतो. मला या वादातून जे हवे होते ते मिळाले.

तिसरा_मजला

सांगाड्याची मान मागे वळून पाठीपर्यंत आली आहे, हे फोटोत पाहून माझ्या मुलीने विचारले, ‘त्याला मरताना खूप दुखले का?’ मला उत्तर देता आले नाही. कोणी सांगेल का?

मृण्मयी

मुलीचा प्रश्न अभ्यासकांच्या मोठ्या वादाला जाऊन भिडणारा आहे. मान अशी मागे खेचली जाणे पुष्कळ डायनोसॉर आणि प्राचीन पक्ष्यांच्या सांगाड्यांत दिसते. २००७ मध्ये काही अभ्यासकांनी मांडले की ही मरतानाची आचक्यांची स्थिती आहे, म्हणजे मेंदूला प्राणवायू न मिळणे, विषबाधा किंवा तत्सम कारणाने स्नायू आकसतात. यावर २०१२ मध्ये आखिम राइसडॉर्फ आणि मिखाएल वुटके यांनी नेमका हाच बव्हेरियातला काँप्सोग्नॅथस आणि जुराव्हेनेटर तपासून वेगळे उत्तर दिले. लांब मानेच्या या प्राण्यांत मणक्यांच्या वरच्या बाजूने एक लवचीक बंध असतो, जो ताणलेलाच असतो. प्राणी मेल्यावर शव पाण्यात असले की वजनाचा विरोध कमी होतो, स्नायू कुजून सैल पडतात आणि तो बंध मान मागे खेचतो. कोंबडीच्या मानांवर केलेल्या प्रयोगांतही पाण्यात मान अशी वळते.

मला दुसरे उत्तर अधिक पटते, कारण त्यात पाणी आणि कुजण्याचा वेग या दोन्हींचा हिशेब लागतो. मुलीला सांगा की मान मेल्यानंतर वळली असावी. त्या स्थितीवरून त्याला वेदना झाल्या असे म्हणता येत नाही.

तिसरा_मजला

आभारी आहे. तिला वाचून दाखवले.

अमोल_पुणे

वेगाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून. २००७ मध्ये संगणकावर स्नायू-हाडांचे प्रतिरूप चालवून केलेल्या अभ्यासात काँप्सोग्नॅथसचा कमाल वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर निघाला आणि वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला. तो आकडा त्या प्रतिरूपाचा आहे. स्नायू किती, ते किती वेगाने आखडतात, वजन किती, हे सगळे त्यात गृहीत धरावे लागते, आणि या प्राण्याच्या वजनाचेच अंदाज एक किलोपेक्षा कमी ते साडेतीन किलोपर्यंत पसरलेले आहेत. मजकुरात आकडा न देता नडगीचे हाड मांडीच्या हाडापेक्षा लांब आहे, हे सांगावे. धावणाऱ्या प्राण्याची ती ओळख मुले स्वतः चित्रात तपासू शकतील.

वावटळ

‘सर्वांत लहान’ या बिरुदाचे काय करायचे? मायक्रोरॅप्टर आणि अँकिऑर्निस हे दोन्ही याच्यापेक्षा लहान आहेत. पक्षी हे डायनोसॉरच आहेत असे मानले, आणि आज ते सर्वसाधारणपणे मानले जाते, तर बिरुद गुंजन पक्ष्याकडे जाते. ‘बराच काळ सर्वांत लहान मानला गेलेला’ एवढेच म्हणावे.

नीलमोहर

भोळा प्रश्न आहे, पण विचारते. आपल्याकडे असे काही सापडते का? महाराष्ट्रात?

जबलपूरकर

मुळीच भोळा नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या लाव्ह्याने झाकलेला आहे, आणि लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. लाव्ह्याखालचे आणि थरांमधले गाळाचे खडक जिथे उघडे पडतात, तिथेच आशा. त्यांतल्या लाव्ह्याखालच्या खडकांना लमेटा थर म्हणतात, आणि हे नाव आमच्या जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून पडले. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे याच थरांत अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडली आहे.

छोट्या मांसाहारी प्राण्यासाठी जबलपूरला यावे लागेल. इथल्या बडा सिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात उत्खनन केले, आणि १९३३ मध्ये ह्यूने आणि मॅटली यांनी त्यातल्या काही नाजूक मणक्यांवरून लेव्हिसुकस इंडिकस हे नाव दिले. वर कातडीच्या ठशाच्या संदर्भात आले तेच हे ह्यूने. आज लेव्हिसुकस नोआसॉरिड या गटात धरला जातो. त्याचे नातेवाईक अर्जेंटिना आणि मादागास्करमध्ये सापडले आहेत. तो काँप्सोग्नॅथसचा जवळचा आप्त नाही, आणि काळानेही आठ कोटी वर्षांहून अधिक उशिराचा आहे. तरी आपल्या मुलांच्या अंकात त्याला एक चौकट मिळावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. बव्हेरियातल्या प्राण्याचे पोटातले जेवणसुद्धा सापडते आणि आपल्याकडच्या प्राण्याचे मूठभर मणके, हा फरक खडकाने केला आहे. आपल्याकडे शोधण्यासारखे अजून पुष्कळ आहे, हे मुलांना कळले पाहिजे.

कातळखूण

जबलपूरकर, चौकट देतो. संपादकांशी भांडावे लागले तरी देतो.

इसारकाठ

अंड्यांचा उल्लेख कोणी केला नाही, तो करून ठेवतो, कारण काही पुस्तकांत तो खात्रीने छापलेला असतो. बव्हेरियातल्या फरशीवर सांगाड्याच्या आसपास सुमारे १० मिलिमीटर आकाराच्या गोलसर खुणा आहेत. १९९३ मध्ये त्यांना अपक्व अंडी म्हटले गेले. पुढे यावर शंका घेतल्या गेल्या, कारण त्या शरीराच्या बाहेर आहेत, आणि सिनोसॉरोप्टेरिक्सच्या एका मादीच्या पोटात जी दोन अंडी सापडली ती कितीतरी मोठी आहेत. मजकुरात अंडी नकोत.

घाटवाट

एक नवा विचारही नोंदवावा. काँप्सोग्नॅथससारख्या लहान सांगाड्यांपैकी पुष्कळसे वयाने लहान प्राण्यांचे आहेत. त्यामुळे अलीकडे काही अभ्यासक विचारतात की या गटात आपण ज्यांना गोळा केले, त्यांतले काही मोठ्या मांसाहारी डायनोसॉरांची पिल्ले तर नाहीत ना. स्क्युरुमिमस वर आला आहे. तो पिल्लू आहे हे सर्वमान्य आहे. काँप्सोग्नॅथसचा बव्हेरियातला सांगाडाही पूर्ण वाढ झालेला मानला जात नाही.

मृण्मयी

विचार गंभीर आहे, आणि गट म्हणून त्याची फेरतपासणी व्हायलाच हवी. मात्र मुलांच्या अंकासाठी ‘बव्हेरियातला प्राणी अजून वाढत होता, फ्रान्सचा त्याच्याहून मोठा होता’ एवढे पुरे. त्याच्यापलीकडे काय, याचा निकाल लागायला आणखी सांगाडे लागतील.

याच संदर्भात हक्सले यांचा उल्लेख मात्र टाळू नका. १८६८ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सले यांनी पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यामधला दुवा दाखवताना याच सांगाड्याचे पाय आणि कंबर पुढे केले. पिसे बाजूला ठेवली, तर काँप्सोग्नॅथस आणि आर्किऑप्टेरिक्स यांच्या सांगाड्यांत फरक किती थोडा राहतो, हे त्यांनी ओळखले होते. ज्या वाग्नर यांनी त्याला नाव दिले, ते स्वतः डार्विनच्या विचारांचे विरोधक होते, आणि त्यांनीच वर्णन केलेला पुरावा त्या विचारांच्या कामी आला. मला हा इतिहास फार मोठा वाटतो.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. नवे रेखाटन असे ठरवले आहे : एकटा प्राणी, खारकच्छाचा काठ, बारीक तंतूंचे आवरण, शेपटीच्या खालच्या बाजूला थोडे खवले, तीन बोटे, तोंडात अर्धा गेलेला लांब शेपटीचा सरडा. रंग मातकट तांबूस ठेवते आणि तो माझा अंदाज असल्याचे खाली लिहिते. एकच राहिले : मागे झाडे कोणती काढू? गवत काढायला घेतले होते.

मृण्मयी

गवत पुसून टाका. त्या काळात गवत नव्हते आणि फुलझाडेही चित्रात नकोत. हवामान कोरडे होते, त्यामुळे उंच घनदाट जंगलही नको. ब्रॅकिफायलमसारख्या, फांद्यांना खवल्यांसारखी जाड पाने चिकटलेल्या सूचिपर्णी वनस्पतींची कमरेएवढी झुडपे काढा, अधूनमधून बीजधारी नेच्यांच्या चिवट पानांचे झुबके, आणि मध्ये बरीचशी उघडी चुनखडी. आकाशात एखादा टेरोडॅक्टिलस चालेल. तो याच खडकांत सापडतो. चतुरही चालेल.

इसारकाठ

आणि सावल्या आखूड काढा. तो प्रदेश तेव्हा आजच्यापेक्षा दक्षिणेला, विषुववृत्ताच्या अधिक जवळ होता.